शनिवारची हजेरी

माझ्या सासूबाई आयुष्यात एकदाच कोणाला जामीन राहिल्या. तो माणूस ना आमच्या गावचा होता, ना आमच्या देशाचा, ना आमच्या धर्माचा.

ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही पेणला राहत होतो. यांचं बाजारात औषधांचं दुकान होतं, मी शाळेत इंग्रजी शिकवायची, दोन मुली लहान होत्या. घर सासूबाईंच्या नावावर होतं आणि घरात शब्दही त्यांचाच चालायचा. पेणमध्ये आम्हा बेने इस्राएल ज्यूंची पूर्वी पुष्कळ घरं होती. मी रोह्याजवळच्या अष्टमीहून लग्न होऊन आले तोवर त्यातल्या निम्म्यांना कुलुपं लागली होती. एकेक कुटुंब इस्राएलला जात होतं. माझे दीरही गेले होते आणि त्यांची मागची खोली रिकामी पडली होती. गावातले जुने लोक अजून आम्हाला शनवार तेली म्हणत. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव.

मुंबईबाहेर नांगरलेल्या मोठ्या जहाजांवरचा माल बार्जमध्ये उतरवून धरमतरला आणत. त्या बार्जवरचा एक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याच्या आईचं दम्याचं औषध आमच्याच दुकानातून जायचं. एका दुपारी तो टेंपोत एका माणसाला घालून दुकानाशी आला. माणूस उंच, काळासावळा, कुरळ्या केसांचा, आणि तापाने थरथरत होता.

"शेठ, मना वाटला मुरुडचा सिद्दी हाय, कुनाच्या तरी बार्जवर कामाला आलाय," तांडेल म्हणाला. "ताडपत्रीखाली पडला व्हता. बोललो तं काय कळंना त्याला. हात लावून बघा, तवा तापलाय नुसता."

यांनी शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं. मलेरिया निघाला. इंजेक्शन झालं, गोळ्या झाल्या, पण त्याला ठेवायचं कुठे? हे त्याला रिक्षात घालून घरी घेऊन आले. सासूबाई दारातच होत्या. त्यांनी त्या माणसाला वरून खाली पाहिलं आणि यांना विचारलं, "खाल्लंय काय त्याने?"

"नसावं."

"मग उभा काय राहिलास? मागची खोली उघड."

मला मात्र भीती वाटत होती. घरात दोन मुली, हे दिवसभर दुकानात, मी शाळेत. तसं मी सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या पेज ढवळत होत्या. म्हणाल्या, "गो, ज्याला पेला धरवत नाय तो कोणाला काय करणार? बरा झाला की भी."

आठवड्याभरात तो उठून बसायला लागला. जहाजावर शिकलेलं मोडकंतोडकं इंग्रजी त्याला येत होतं. मग मी घरातली दुभाषी झाले. तो इथिओपियाचा होता. सासूबाईंना मी हबशाण, हबशांचा मुलूख, असं सांगितल्यावर कळलं. तिकडे लष्कराचं राज्य होतं. त्याचा मोठा भाऊ मास्तर होता. एके दिवशी शिपाई येऊन त्याला घेऊन गेले आणि नंतर घरच्यांना प्रेतही मिळालं नाही. आता याच्या नावाची विचारपूस सुरू झाली होती. म्हणून तो एका परदेशी जहाजावर खलाशी म्हणून चढला. दोन वर्षं बरी गेली. मग जहाज त्याच्याच देशाच्या बंदराला जाणार असं कळलं. मुंबईबाहेर माल उतरत असताना तो दोरीवरून बार्जमध्ये उतरला आणि ताडपत्रीखाली शिरला.

"आणि पुढे काय करणार होतास?" मी विचारलं.

"पुढचं काही ठरवलं नव्हतं. फक्त मागे जायचं नव्हतं."

सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "विचार त्याला, आई हाय काय?"

आई होती. गावाकडे होती. ती शनिवार पाळते, असंही तो म्हणाला. सासूबाईंनी मान वर केली. "शनवार? हा आपल्यातला हाय?"

"नाही, ख्रिस्ती आहे. पण त्यांच्याकडे जुन्या रीतीने शनिवारही पाळतात आणि रविवारही."

"दोन दोन दिवस?" सासूबाईंना ते फारच झालं. "मग कामं कधी करतात ही माणसं?"

मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो आमच्या घरात पहिल्यांदा हसला. डुकराचं मांस त्यांच्यातही वर्ज्य होतं, हे कळल्यावर तर सासूबाईंचा उरलासुरला संकोचही गेला. पण खरं सूत जुळलं ते आंबोळ्यांवरून. तोवर त्याला पेज, मऊ भात असंच चाललं होतं. एका रविवारी आमच्याकडे नारळाच्या दुधातलं मटण आणि आंबोळ्या होत्या. तव्यावर आंबोळी पसरली, तिला जाळी पडली, आणि तो दारात येऊन उभा राहिला. अगदी वास घेत. म्हणाला, त्यांच्या घरी असंच आंबलेलं पीठ, अशीच जाळीची पोळी, फक्त परातीएवढी मोठी, आणि सगळं घर त्या एका पोळीभोवती बसून जेवतं. सासूबाईंनी भाकरीचा मोठा तवा काढला आणि त्याच्यावर जमेल तेवढी मोठी आंबोळी घातली. त्या दिवशी आम्ही सगळे एका परातीत जेवलो. मुलींना एवढी गंमत वाटली की पुढे कितीतरी दिवस त्या ताटं घ्यायलाच तयार नसत.

तो चालायला लागला तसे हे म्हणाले, "आता पोलिसांना सांगायला हवं. लपवून ठेवलं तर तो चोर ठरेल आणि आपणही."

मी त्याला समजावलं. त्याचा चेहरा उतरला, पण नाही म्हणाला नाही. हे स्वतः त्याला घेऊन पोलीस स्टेशनला गेले. फौजदार नियमाने चालणारे होते, पण माणूस वाईट नव्हता. परवान्याशिवाय देशात शिरल्याचा गुन्हा नोंदवला गेला आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात उभं केलं. जामीन कोण राहणार, असं विचारल्यावर हे पुढे होणार इतक्यात सासूबाई उठल्या. नऊवारी नीट करून म्हणाल्या, "घर माझ्या नावावर हाय. मी राहते."

"आजी, हा पळून गेला तर तुम्हाला त्रास होईल," न्यायाधीश म्हणाले.

"कुठे पळणार साहेब? पळून पळूनच तर इथे आलाय."

कोर्टातले लोक हसले. न्यायाधीशांनी जामीन मंजूर केला आणि दर शनिवारी पोलीस स्टेशनला हजेरी लावायची अट घातली.

सासूबाईंना हे बाहेर आल्यावर कळलं. "शनवार?" त्या यांना म्हणाल्या. "सात दिवसांतला बरोबर तोच मिळाला त्यांना?"

खरं तर हजेरी त्याने लावायची होती, सासूबाईंनी नाही. पण जामीन राहिलेल्या माणसाने घरात बसून राहावं हे त्यांना पटेना. शनिवारी, आमच्या शब्बाथला, त्या वाहनात बसत नसत. म्हणून पहिल्या शनिवारी सकाळची प्रार्थना झाल्यावर त्या सभास्थानातून तशाच पायी निघाल्या. मागे तो, त्याच्या हातात सासूबाईंसाठी धरलेली छत्री, त्याच्या मागे माझ्या दोघी मुली, आणि बाजारातली रिकामटेकडी पोरं. पोलीस स्टेशनात एक हवालदार होता, हमरापूरकडचा. त्याने आधी पाहुण्याची सही घेतली आणि रजिस्टर सासूबाईंकडे सरकवलं.

"मावशी, तुम्ही आणलात, तर तुमचीपण सही करा."

"आज शनवार. मी लेखणी धरत नाय."

"मग अंगठा द्या."

"अंगठा म्हंजे पण लिवणंच की रे बाबा."

हवालदार विचारात पडला. "मग मी काय लिवू?"

"लिव, म्हातारी आली व्हती. मी उद्या येऊन सही करते."

आणि खरोखर रविवारी त्या रिक्षाने गेल्या, शनिवारची सही करून आल्या. पुढच्या आठवड्यातही तसंच. तिसऱ्या आठवड्यात हवालदारानेच फौजदारांना सांगितलं की साहेब, ही म्हातारी आठवड्यातून दोनदा येते, आपल्याला दोनदा चहा मागवायला लागतो. फौजदारांनी कोर्टातून वार बदलून घ्यायचं सुचवलं. सासूबाई म्हणाल्या, राहू दे. एव्हाना त्यांना ते चालणं आवडायला लागलं होतं. वाटेत भाजीवाल्या थांबवत, "काय गो आजी, पावना बरा हाय ना?" असं विचारत. पाहुणाही आता "बरा हाय, बरा हाय" असं स्वतःच सांगत असे. मराठी तो त्या चालण्यातच शिकला, तीही अगदी पेणची, आणि सासूबाईंना आई म्हणायलाही लागला. शाळेत मी मुलांना इंग्रजीच्या तासालाही 'नाय' नको, 'नाही' म्हणा असं बजावत होते आणि माझ्या घरात हा खुशाल 'नाय' म्हणत फिरत होता.

कामधंदा करायची त्याला परवानगी नव्हती. नुसतं बसून त्याला करमायचं नाही. विहिरीचं पाणी भर, मुलींना नारळ सोलून दे, सभास्थानाच्या आवारातलं गवत काढ, असं काहीतरी करत राहायचा. हवालदाराच्या घरी गणपतीचा कारखाना होता. सणाआधीच्या घाईत तो हवालदाराबरोबर तिकडे गेला आणि मूर्तींना पांढऱ्या रंगाचा हात देत दिवसभर बसला. संध्याकाळी आला तो भुवयांपासून नखांपर्यंत पांढरा. सासूबाईंनी त्याला ओळख न दाखवता विचारलं, "कोण पायजे तुम्हाला?" आणि मग दोघंही हसत सुटले.

असे चार-पाच महिने गेले आणि परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या खात्याचा अलिबागहून हुकूम आला. ज्या कंपनीच्या जहाजावरून तो उतरला तिचं दुसरं जहाज येणार होतं. त्यावर चढवून त्याला त्याच्या देशात परत धाडायचं.

हवालदार तो निरोप घेऊन आला तेव्हा खाली मान घालून बसला. पाहुण्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मला इंग्रजीत म्हणाला, "आईला सांगा, मी तिला जामिनात अडकवणार नाही. बोलावतील तेव्हा जाईन." मी ते सांगितलं. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "जाईन म्हणतोय. कुठे जाणार? मरायला?"

शुक्रवारी संध्याकाळी सभास्थानात जी काही माणसं जमली त्यांच्यापुढे यांनी विषय काढला. मुंबईत वकील करावा लागणार होता. काहीजण कचरले. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आपण मूठभर. सरकारच्या डोळ्यावर कशाला यायचं? आणि तो आपला थोडाच आहे?" ते मनाने वाईट नव्हते, त्यांना भीती होती, आणि त्या वेळी माझ्या मनातही तेच होतं.

सासूबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. तिथूनच बोलल्या. "आपले पूर्वज नवगावला फुटक्या गलबतातून बाहेर पडले तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी विचारलं असेल काय, हे आपले थोडेच हायेत? घरात घेतलं, वस्त्र दिलं, घाणा दिला. तोराचा ग्रंथ वाचताना परक्याला जपा, तुम्हीपण परके होतात, असं येतं तेव्हा आपण सगळे माना डोलवतो. मग आज परका दारात आला तर मान दुसरीकडे फिरवायची?"

मग त्याच वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "तुमचा भाचा वकील आहे ना मुंबईला?"

भाचा वकील होता, आणि त्याची इस्राएलला जायची तयारी चालली होती. घरातलं सामान बांधून झालं होतं. सासूबाई त्याच रविवारी मला घेऊन त्याच्याकडे गेल्या आणि ट्रंकांच्या मध्ये बसून त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, मला पुढच्या महिन्यात निघायचंय."

"मग हे काम या महिन्यात कर."

त्याने ते केलं. दिल्लीत निर्वासितांचे अर्ज ऐकणारं एक आंतरराष्ट्रीय ऑफिस आहे, तिथे अर्ज पाठवायचा आणि त्याचा निकाल लागेपर्यंत याला देशाबाहेर काढू नये अशी मुंबईच्या कोर्टाकडे विनंती करायची, असं ठरलं. अर्जासाठी मी पाहुण्याजवळ बसून त्याच्या भावाची सगळी हकीकत लिहून घेतली. सांगताना तो थांबला की सासूबाई त्याच्या हातात वाटाण्याच्या शेंगा सोलायला देत. शेंगा सोलता सोलता तो पुढचं बोले.

पण कोर्टात तारीख मिळेपर्यंत जहाज आलं तर? म्हणून आम्ही अलिबागला त्या खात्याच्या साहेबांना भेटायला गेलो. साहेब तरुण होते. त्यांनी कागद चाळले आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, हा तुमचा कोण?"

"पाव्हणा."

"पाहुणा किती दिवस राहतो?"

"त्याचं घर धड असलं तर दोन दिवस. नसलं तर राहील तेवढे."

साहेब जरा हसले. म्हणाले, "आजी, हुकूम मला बदलता येत नाही. पण कोर्टात अर्ज गेलाय असं तुमचे वकील लेखी देत असतील, तर कोर्ट काय म्हणतं ते कळेपर्यंत माझा माणूस पेणला येणार नाही. एवढं मी करू शकतो."

तेवढं पुरे झालं. जहाज आलं आणि गेलं. दोन दिवसांनी कोर्टाने दिल्लीचा निकाल येईपर्यंत त्याला हलवू नका असं सांगितलं. भाच्याने आपल्या निघण्याची तारीख दिल्लीचा निकाल लागेपर्यंत पुढे ढकलली होती, ते त्याने आम्हाला पार नंतर सांगितलं. दिल्लीहून पाहुण्याला बोलावणं आलं, हे त्याच्याबरोबर गेले, आणि काही महिन्यांनी तो निर्वासित असल्याचं मान्य झालं. उत्तरेकडच्या एका थंड देशाने त्याला घ्यायची तयारी दाखवली.

सासूबाईंनी मलिद्याचा नवस बोलला होता. मन्नत पुरी झाली की आमच्यात एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात. तो अष्टमीला माझ्या माहेरी करायचा असं ठरलं. कारण तिथे अंगण मोठं, आणि प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष पेण, रोहा मिळून कसेबसे जमले असते. आम्ही एस.टी.ने निघालो. गाडीत धाटावच्या कंपन्यांचे शिफ्टला निघालेले कामगार होते. आमच्या टोपल्यांतल्या केळ्या-सफरचंदांकडे पाहून एकाने विचारलं, "लग्न हाय काय?" पाहुणा म्हणाला, "लग्न नाय. माझी सुटका हाय." त्यावर अख्ख्या गाडीला त्याने स्वतःची कहाणी ऐकवली, आणि रोहा येईपर्यंत एक कामगार त्याला कंपनीत चिकटवायच्या गोष्टी करत होता.

गोड पोह्यांचा ढीग, त्यावर ओलं खोबरं, भोवती फळं, गुलाबाची फुलं, सब्जाची डहाळी. माझे वडील हिब्रूत प्रार्थना म्हणायला उभे राहिले. पुरुष मोजले तर नऊच निघाले. माझे वडील पाहुण्याकडे बघून म्हणाले, "तुला दहावा धरता येत नाही, पण ज्याच्यासाठी हे सगळं आहे तो मध्ये बसलाच पाहिजे." तेवढ्यात मुंबईहून आमचा वकील भाचा येऊन पोचला, दहा पुरे झाले आणि वडिलांनी प्रार्थना सुरू केली. बाहेर ओटीवर हवालदार, त्याची बायको आणि तांडेल बसले होते. प्रार्थना त्यांना कळत नव्हती, पण डहाळी वास घ्यायला हातोहात फिरली तेव्हा त्यांनीही डोळे मिटून वास घेतला.

जेवणानंतर पाहुण्याने सगळ्यांना बसायला सांगितलं. रोह्याच्या एका हॉटेलवाल्याकडून त्याने कच्च्या कॉफीच्या बिया मिळवल्या होत्या. त्या त्याने अंगणात चुलीवर लोखंडी कढईत भाजल्या. तडतड उडायला लागल्या तशी कढई हातात घेऊन प्रत्येकापुढे धरली, वासासाठी. त्याच्या गावाकडे हे काम आई करते, म्हणाला. मग खलबत्त्यात कुटून, उकळून, छोट्या पेल्यांत दिली. तांडेलाने एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, "लय कडू हाय रे," आणि दुसरा पेला मागितला. सासूबाईंनी साखर घालून तीन वेळा घेतली. त्या दिवशी अंगणात इतका आवाज, इतकं हसणं होतं की माझ्या आईला शेजाऱ्यांनी येऊन विचारलं, कोण परत आलं इस्राएलहून?

तो गेला तेव्हा सासूबाई एस.टी. स्टँडपर्यंत पायी गेल्या. तो दिवस शनिवार नव्हता, तरी पायीच. त्यांनी त्याला चिवड्याचा डबा दिला आणि तिकडे गेल्यावर कानाला बांधत जा, एवढंच सांगितलं.

पुढे आमच्या घरी फोन बसला तेव्हा पहिल्यांदा वाजला तो त्याचाच. तो एका बेकरीत कामाला लागला होता, आणि आईलाही तिकडे आणायच्या खटपटीत होता. सासूबाईंना फोनवर बोलायची सवय नव्हती. समुद्रापलीकडे ऐकू जावं म्हणून त्या ओरडून बोलत होत्या आणि समोरून तोही ओरडत होता, तेही मराठीतून.

"काय करतोस रे?"

"पाव भाजतो, आई."

"आणि खातोस काय?"

"पावच."

"नुसता पाव खाऊन राहतोस?" त्या माझ्याकडे वळल्या, रिसीव्हर तसाच कानाशी. "गो, याला आंबोळीचं प्रमाण सांग नीट, डाळ किती, तांदूळ किती. लिहून घे म्हणावं." मग पुन्हा फोनमध्ये, "थांब हां, ठेवू नकोस. ही सांगते."